बंदिस्त जागा आणि प्रवेश-परवाना: एका बल्क कॅरियरवरच्या (सुटा माल वाहणाऱ्या जहाजावरच्या) प्रकल्प नोंदी

९ जानेवारी, बॅलास्ट पॅसेज (माल नसताना, टाक्यांत पाणी भरून केलेला प्रवास)

अंतर्गत ऑडिटचा अहवाल काल रात्री हातात पडला. तीन निरीक्षणं आणि एक नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियम न पाळल्याची नोंद. ती नेमकी माझ्याच खात्यातली, बंदिस्त जागेत, म्हणजे हवा खेळत नाही अशा टाकीत किंवा कप्प्यात, उतरण्याच्या परवान्यांची. ऑडिटरने गेल्या सहा महिन्यांतले ४७ परवाने बाहेर काढले आणि गॅस मीटरच्या मेमरीतल्या नोंदींशी एकेक करून ताडले. मीटर कधी चालू झाला, कधी बंद झाला, मधल्या दर मिनिटाला काय रीडिंग होतं, सगळं त्यात साठतं. हे मला माहीत होतं. पण दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत, हे चीफ ऑफिसर म्हणून मला एकदाही सुचलं नव्हतं. ४७ पैकी १९ परवान्यांवर जी वेळ लिहिली आहे, त्या वेळेला मीटर बंद होता.

सकाळी कॅप्टनसाहेबांनी ब्रिजवर बोलावलं. म्हणाले, "चीफ, 'क्रूला पुन्हा प्रशिक्षण दिले' असं एक पत्र लिहून हे मिटवू नका. एप्रिलमध्ये एसएमसीची (जहाजाच्या सुरक्षा-व्यवस्थापन प्रमाणपत्राची) इंटरमीजिएट तपासणी आहे, तोवर वेळ घ्या. मुळाशी जा." डीपीएशी त्यांचं बोलणं झालंच होतं. कंपनीच्या वतीने किनाऱ्यावरून जहाजाच्या सुरक्षेकडे पाहणारा आणि थेट वरच्या व्यवस्थापनाशी बोलू शकणारा तो माणूस. त्याने होकार दिला आहे: नवी पद्धत आधी आमच्या जहाजावर बसवायची, टिकली तर ताफ्यात न्यायची. म्हणून आजपासून ही वही.

१० जानेवारी

१९ परवाने टेबलावर पसरले. त्यातला एक, ३ नोव्हेंबरचा, नंबर ४ टॉपसाइड टँक (मालाच्या कोठाराच्या, म्हणजे होल्डच्या, वरच्या कोपऱ्यातली टाकी), पोर्ट म्हणजे डावी बाजू. वर, मध्ये, तळाला अशा तीन पातळ्यांवर ऑक्सिजन २०.९, २०.९, २०.९. बाकी तिन्ही गॅस शून्य. वेळ ०८१५. तिन्ही ओळी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या. नऊचं शेपूट तिन्हीकडे सारखंच वळलेलं. मीटरची नोंद सांगते की त्या दिवशी तो ०९५२ ला चालू झाला आणि चार मिनिटांनी बंद झाला. माणसं ०८३० पासून टाकीत होती. खाली सही माझी आहे.

दुपारी बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, केबिनमध्ये बोलावून बसवलं. आधीच सांगितलं की कुणाला पकडायला बोलावलेलं नाही, कारण सही माझी आहे. थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "साहेब, परवाना आम्ही आदल्या रात्रीच भरून ठेवतो. आठला टूलबॉक्स मीटिंग, सव्वाआठला माणूस आत पाहिजे. नाहीतर दिवसाला चार टाक्या कशा होणार?"

"चार टाक्या कुणी सांगितल्या?"

"तुम्हीच. बोर्डावर लिहिलंय."

खरं आहे. ऑफिसच्या तपासणी वेळापत्रकात दिवसाला चार होत्या आणि मी त्या जशाच्या तशा बोर्डावर उतरवल्या. त्या चार टाक्यांत हवा मोजायला वेळ कुठे आहे, हे ना तिथे पाहिलं गेलं ना इथे. इतके दिवस मी याला शिस्तीचा प्रश्न समजत होतो. आता वाटतं, हा आधी घड्याळाचा प्रश्न आहे.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कारण या कामाकडे मी कोरड्या नजरेने पाहू शकत नाही. कॅडेट असताना मी लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या एका जहाजावर होतो. होल्डमध्ये उतरायच्या शिडीच्या ट्रंकमध्ये (शिडीभोवतीच्या उभ्या बंद बोळात) एक एबी, म्हणजे अनुभवी खलाशी, गेला आणि खाली कोसळला. त्याला पाहून बोसन धावत उतरला. मी वर झाकणापाशी होतो. बोसन अर्ध्या शिडीवर थांबला, एकदा वर पाहिलं आणि त्याचे हात सुटले. दोघंही वाचले नाहीत. ओल्या लाकडाने त्या बंद जागेतला ऑक्सिजन शोषून घेतला होता. वास नाही, धूर नाही, काही नाही. त्या दिवसाच्या परवान्यावरही २०.९ लिहिलेलं होतं.

१३ जानेवारी

दोन दिवस जहाज पायी पालथं घातलं. सोबत तिसरा ऑफिसर आणि फिटर. जुन्या यादीत ३१ बंदिस्त जागा होत्या. नव्या यादीत ६४ झाल्या.

वाढलेल्या जागांत नवी बांधलेली एकही नाही. अप्पर आणि लोअर स्टूल (दोन होल्डमधल्या भिंतीच्या वरचे आणि खालचे पोकळ कप्पे), डक्ट कील (तळातला पाइपांचा बोगदा), इको साउंडरचा (पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्राचा) कप्पा, मलजलाची टाकी, चेन लॉकरच्या मागची रिकामी खोबण, इंजिनचा क्रँककेस, स्कॅव्हेंज स्पेस. प्रत्येक होल्डच्या दोन शिड्यांचे ट्रंक मात्र सर्वांत महत्त्वाचे. जुन्या यादीत 'होल्ड १ ते ७' एवढंच होतं. होल्डची हॅच सताड उघडी असली तरी ट्रंक वेगळा श्वास घेतो. खालचं तोंड मालाने बुजलं की तो बंद नळीसारखा होतो. मालातून निघालेली हवा त्यात साचते आणि वर उघड्या हॅचमधून वाहणारं वारं तिला स्पर्शही करत नाही.

गंज ऑक्सिजन खातो, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. नंबर २ लोअर स्टूलचं मॅनहोल फिटरने मोकळं केलं, तेव्हा नळी आत सोडून मोजलं: १७.८. त्या जागेत माल नाही, तेल नाही, काहीच नाही. चार भिंती आणि त्यावरचा गंज. तिसऱ्या ऑफिसरने मीटर पुन्हा शून्य करून पाहिला, कारण त्याला तो बिघडल्यासारखा वाटला. मीटर ठीक होता. झाकण परत बसवलं.

१७ जानेवारी

आजचा दिवस या वहीतला आत्तापर्यंतचा सर्वांत कामाचा.

आमच्या मीटरसोबत १० मीटरची नळी आहे. होल्डची खोली १८ मीटरच्या वर. म्हणजे गेली कित्येक वर्षं 'तळ' म्हणून लिहिलेलं रीडिंग होल्डच्या मध्यावरचं होतं. स्टोअरमध्ये दुसऱ्या मीटरची १० मीटरची नळी निघाली, जोड लावून २० मीटर केली. मग मेसरूममध्ये सगळ्यांसमोर एक प्रयोग केला.

एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ओएसला (कनिष्ठ खलाशाला) दहा-बारा वेळा श्वास सोडायला सांगितला. उच्छ्वासात ऑक्सिजन साधारण १६-१७ टक्के उरतो, म्हणजे पिशवीतली हवा अलार्म वाजवायला पुरेशी वाईट. नळीचं टोक पिशवीत घालून तोंड बांधलं, पंप चालू केला आणि कॅडेटला घड्याळ दिलं.

मीटर २०.९ दाखवत राहिला. दहा सेकंद, वीस, तीस. सगळे पडद्याकडे पाहत होते. चाळीसाव्या सेकंदाला एक एबी म्हणाला, "पिशवी फाटली असेल." पन्नासाव्या सेकंदालाही २०.९. साठ उलटल्यावर आकडा हलला आणि तिथून मात्र भराभर घसरला: २०.१, १९.२, अलार्म.

मीटरच्या पुस्तिकेत लिहिलं आहे की नळीच्या प्रत्येक मीटरमागे ३ सेकंद थांबा. २० मीटरला एक मिनिट. ते मिनिटभर मीटर जे दाखवतो, ती नळीत आधीपासून भरलेली डेकवरची हवा असते. आमच्या पद्धतीत हे वाक्य कुठेच नव्हतं. माणूस नळी सोडतो, पडद्यावर २०.९ पाहतो, लिहितो, नळी ओढतो. तो खोटं लिहीत नाही. त्याने खरोखर २०.९ पाहिलेलं असतं.

दुसरा प्रयोग बोसनने स्वतःहून केला. नळ्यांचा जोड अर्धा फेरा सैल केला. मीटरला अलार्म आलाच नाही, कारण पंप जोडाजवळची मेसरूमची हवा ओढत होता. म्हणून नियम ठरला: दर वेळी वापरापूर्वी नळीचं लांबचं टोक अंगठ्याने घट्ट दाबायचं. पंप गुदमरून 'प्रवाह नाही' असा इशारा द्यायला हवा. नाही दिला, तर नळी कुठेतरी गळते आहे. पाच सेकंदांचं काम. संध्याकाळी पाहिलं तर कॅडेट डेकवर दोघा ओएसना ते करून दाखवत होता.

१८ जानेवारी

एकसंध ३० मीटरच्या दोन नळ्या, कॅलिब्रेशन गॅसचा एक सिलिंडर आणि एक जादा मीटर मागवला. गॅस मोजायचं उपकरण जहाजावर असलंच पाहिजे, हे सोलासने (समुद्रावरच्या जीवरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय कराराने) १ जुलै २०१६ पासून बंधनकारक केलं आहे. नळी किती लांब हवी, ते आपलं आपल्याला ठरवावं लागतं.

२२ जानेवारी

वर्गात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: अलार्म १९.५ ला वाजतो, म्हणजे १९.६ चालेल ना?

फळ्यावर हिशोब मांडला. हवेचा साधारण पाचवा भाग ऑक्सिजन. एखादा परका गॅस आत शिरून हवेला बाजूला सारत असेल, तर ऑक्सिजन १ टक्क्याने उतरायला त्या गॅसने जवळजवळ ५ टक्के जागा व्यापलेली असावी लागते. ५ टक्के म्हणजे दहा लाख भागांत ५०,००० भाग, अर्थात ५०,००० पीपीएम. कार्बन मोनॉक्साइड १,२०० पीपीएमलाच जिवाला तात्काळ धोका मानतात. म्हणजे मीटरवर ऑक्सिजन १९.९ दिसतो, अलार्म गप्प असतो आणि ज्या गॅससाठी त्या मीटरमध्ये सेन्सरच नाही, असा कुठलाही गॅस तिथे हजारो पीपीएम असू शकतो. गंजाने ऑक्सिजन खाल्ला असेल तर गोष्ट वेगळी, पण मीटर कारण सांगत नाही. आयएमओच्या (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या) २०११ च्या शिफारशींत प्रवेशासाठी २१ टक्के ऑक्सिजन आणि ज्वलनशील वायू एलईएलच्या (पेट घेण्यासाठी लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) १ टक्क्यापेक्षा जास्त नको, असं म्हटलं होतं, त्यामागे हाच विचार असावा असं मी धरतो.

आमचा नवा नियम: डेकवरच्या मोकळ्या हवेत मीटर जे दाखवेल तेच आत दिसलं पाहिजे. ०.१ चा फरक पडला तरी थांबायचं, कारण शोधायचं, पुन्हा हवा घालायची.

आमच्या मीटरने मोजता न येणाऱ्या गॅसबद्दलही बोललो. धान्याच्या मालात धुरी दिलेली असेल तर फॉस्फिन असतो आणि आमच्या चार-गॅस मीटरला तो दिसत नाही. त्यासाठी वेगळं उपकरण लागतं.

२७ जानेवारी

आज एका टाकीचा पूर्ण वेळ घड्याळ लावून मोजला. नंबर ३ टॉपसाइड, स्टारबोर्ड. घाई नाही, पण रेंगाळणंही नाही.

दोन्ही मॅनहोलचे नट सोडवायला २५ मिनिटं. एका तोंडातून पंखा लावून दुसऱ्यातून हवा बाहेर, दीड तास. पंखा बंद करून हवा स्थिर व्हायला १० मिनिटं. मीटरची तपासणी, अंगठ्याची चाचणी आणि तीन पातळ्यांवरचं मापन, प्रत्येक ठिकाणी नळीचा वेळ धरून, १४ मिनिटं. पंखा पुन्हा चालू, बचावाचं साहित्य तोंडाशी, वॉकीटॉकी तपासणी, परवान्यावर सह्या: १६ मिनिटं. पहिला माणूस आत जायला २ तास ३५ मिनिटं. आत ५० मिनिटं. बंद करायला अर्धा तास.

एका टाकीला चार तास. दोन टाक्यांचं काम एकमेकांत घालून केलं तर दिवसाला दोन होतात. चार होऊच शकत नाहीत. ज्या दिवशी चार झाल्या, त्या दिवशी काहीतरी गाळलं गेलं होतं.

२८ जानेवारी

ऑफिसला पत्र लिहिलं. कॅप्टनसाहेबांनी दोनदा सुधारलं आणि स्वतःच्या सहीने पाठवलं. गाभा एवढाच: वेळापत्रकात दिवसाला दोन टाक्या धरा, नाहीतर परवान्याच्या पद्धतीतून काय काढायचं ते लेखी कळवा.

एक परिच्छेद मी जाणूनबुजून घातला. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधल्या झेब्रुगाच्या बंदराबाहेर हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही फेरी पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाली आणि उलटली. १९३ माणसं गेली. दरवाजे बंद करणारा सहायक बोसन झोपला होता, एवढंच बहुतेकांना आठवतं. पण चौकशीत निघालेली दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. निघण्यापूर्वी अधिकाऱ्याने ब्रिजवर असावं असा आदेश होता आणि त्याच वेळी त्याने दरवाज्यांवरही लक्ष ठेवावं अशी अपेक्षा होती. एक माणूस, दोन ठिकाणं, एकच वेळ. आणि 'दरवाजे उघडे आहेत' असं कुणी कळवलं नाही म्हणून ते बंद आहेत, असं कॅप्टनने धरलं. आयएसएम, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाची आंतरराष्ट्रीय संहिता, १९९३ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जुलै १९९८ पासून आमच्यासारख्या जहाजांना सक्तीची झाली, तिची मुळं बऱ्याच अंशी त्या अपघातात आहेत. त्या संहितेखाली छापलेल्या आमच्या परवान्यातही एक माणूस दोन ठिकाणी बसवलेला आहे, असं पत्रात लिहिलं.

२ फेब्रुवारी

डीपीएचा फोन आला. टाकी-तपासणीचं वेळापत्रक दिवसाला दोन असं बदललं. तांत्रिक विभाग नाखूश होता, पण २७ तारखेच्या मोजणीवर कुणाकडे उत्तर नव्हतं. परवान्याचा चार पानी फॉर्मही एका पानावर आणायला परवानगी मिळाली. ४६ चौकटी होत्या, १८ ठेवल्या. ज्या चौकटीसाठी माणसाला कुठे जाऊन काही पाहावं लागत नाही, ती काढली. रीडिंगच्या रकान्यात आता आकड्यासोबत नळीची लांबी आणि थांबलेले सेकंद लिहायचे आहेत.

९ फेब्रुवारी

बचाव ड्रिल. १ जानेवारी २०१५ पासून सोलासप्रमाणे दर दोन महिन्यांनी करावंच लागतं. आजवर आम्ही मॅनहोलपाशी जमून साहित्य दाखवायचो, कॅडेट फोटो काढायचा. आज ७५ किलोची बाहुली नंबर ५ च्या हॉपर टँकच्या (होल्डच्या खालच्या कोपऱ्यातल्या टाकीच्या) तळाशी ठेवली आणि कुणाला आधी सांगितलं नाही.

दारावर एक ओएस होता, विशीतला, पहिलंच कॉन्ट्रॅक्ट. मी त्याला एवढंच सांगितलं की आतल्या माणसाला दर पाच मिनिटांनी हाक मार, उत्तर नाही आलं तर जे शिकलास ते कर. आत एबी होता. त्याला मी गप्प राहायला सांगितलं होतं. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं नाही. ओएसने वॉकीटॉकीवर कळवलं, बरोबर कळवलं. मग टॉर्च मारून खाली पाहिलं, बाहुलीचा बॉयलरसूट दिसला. मी दहा पावलांवर उभा होतो. त्याने वॉकीटॉकी डेकवर ठेवला, दोन्ही हात कोमिंगवर (तोंडाच्या उंच कडेवर) टेकवले आणि उजवा पाय आत घातला.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो दचकून म्हणाला, "सर, ते खाली पडलेत."

त्याला रागावलो नाही. तो घाबरट असता तर पाय आत गेला नसता. त्या ओंडक्यांच्या जहाजावरचा बोसनही भित्रा नव्हता. चांगला माणूस अशा क्षणी आत उडी मारतो, आणि पद्धत अशी हवी की त्याला उडी मारताच येऊ नये. आजपासून दारावरच्या माणसाला कमरेला हार्नेस आणि तीन मीटरची दोरी. दुसरं टोक डेकला पक्क्या बसवलेल्या कडीला. मॅनहोलपर्यंत पोचतो, आत जाऊ शकत नाही. बोसनला हे सुरुवातीला अपमानकारक वाटलं. म्हणून पहिल्या पाळीला मी स्वतः ते बांधून उभा राहणार आहे.

वेळ: हाक दिल्यापासून श्वसनयंत्र घातलेली दोघं तोंडाशी यायला ७ मिनिटं. बाहुली डेकवर यायला ३८ मिनिटं. आमच्या सिलिंडरमध्ये सहा लिटर, ३०० बार, म्हणजे १,८०० लिटर हवा. कष्टाच्या कामात माणूस मिनिटाला ५०-६० लिटर सहज ओढतो. २३ व्या मिनिटाला पहिल्याची हवा संपत आल्याची शिट्टी वाजली. तेव्हा बाहुली अजून दुसऱ्या लाइटनिंग होलमध्ये (आतल्या पोलादी पत्र्यातल्या भोकात) अडकली होती. खरी घटना असती तर आता तीन माणसं खाली असती.

११ फेब्रुवारी

तेच ड्रिल पुन्हा. बदल तीन: उभ्या शिडीच्या जागेत उतरणारा प्रत्येकजण हार्नेस घालूनच उतरतो, तिपाई आणि कप्पी माणूस आत जाण्यापूर्वी बसलेली असते, जादा सिलिंडर तोंडाशी. वेळ १९ मिनिटं. अजून जास्त आहे, पण शिट्टीच्या आत आहे.

आडव्या-तिडव्या टाक्यांत, जिथे कप्पीने सरळ ओढता येत नाही, तिथे हा आकडा खाली येईल असं वाटत नाही. त्या जागांसाठी उत्तर एकच दिसतं: हवा शंभर टक्के खात्रीची असल्याशिवाय माणूस आत नाही, आणि आत एका वेळी दोनच.

२० फेब्रुवारी, लोडिंग पोर्ट

कोळसा भरतोय. बंदरात आल्यापासून झोप तुटक. २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हा एमएलसीचा (खलाशांच्या कामाच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) किमान हिशोब. बर्थिंगच्या, म्हणजे धक्क्याला लागण्याच्या, दिवशी तो जेमतेम बसतो. ठरवलं की बर्थिंगच्या दिवशी आणि त्यानंतरच्या १२ तासांत कुठलाही परवाना निघणार नाही. थकलेल्या माणसाला साठ सेकंद नळी धरून उभं ठेवता येत नाही.

आज एक जुना झगडा वर आला. जहाज-सुरक्षा अधिकारी, म्हणजे आमचा दुसरा ऑफिसर, बंदरात सगळी शिडीची झाकणं बाहेरून कुलूपबंद ठेवतो. २००४ पासून लागू असलेल्या आयएसपीएस (जहाज आणि बंदर सुरक्षेच्या) संहितेखालच्या आमच्या सुरक्षा आराखड्यात तसंच आहे: अनोळखी माणूस आत शिरू नये, चोरून प्रवास करणारा लपू नये. दुसरीकडे माझं म्हणणं, आत माणूस असताना कुणी कुलूप लावलं तर? गेल्या वर्षी बोसन स्टोअरच्या बाबतीत तसं झालंही होतं. फिटर आत होता, वीस मिनिटं हातोडीने ठोकत राहिला.

दोघं बसून जुळवलं. किल्ल्यांचा एकच बोर्ड, शिप्स ऑफिसमध्ये. परवाना निघाला की त्या जागेचं कुलूप आत उतरणाऱ्याच्या खिशात जातं, त्यामुळे ते लावायला कुणाच्या हाती उरतच नाही. कुलूप लावण्यापूर्वी आत हाक, टॉर्च आणि डोकी मोजणं. निघण्यापूर्वीच्या शोधमोहिमेत शिडीचे ट्रंक वरून टॉर्चने पाहायचे; खाली उतरायचं असेल तर शोधणाऱ्यालाही परवाना लागेल. कोळशाच्या किंवा लाकडाच्या होल्डमध्ये कुणी लपलाच तर तो फार वेळ जगत नाही. त्यामुळे ही शोधमोहीम त्या अनोळखी माणसाच्या जिवासाठीही आहे.

६ मार्च, समुद्रात

रोज दोनदा सात होल्डचे कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि ऑक्सिजन. नंबर ५ मध्ये कार्बन मोनॉक्साइड हळूहळू चढून आता स्थिरावला. तापमान ठीक.

१४ मार्च, डिस्चार्ज पोर्ट

दुपारी दीडच्या सुमारास, नंबर ५ मधून ग्रॅबने (क्रेनच्या पंजाने) माल काढणं चालू असताना, किनाऱ्यावरचा एक कामगार फॉरवर्ड शिडीच्या झाकणापाशी आला. खाली किती माल उरलाय ते पाहायचं होतं. झाकणावर मोठी पाटी आहे, तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही; हॅच उघडी, ऊन पडलेलं, वारा वाहतोय, धोका कसला? कुलूप होतं. त्याने पाळीवरच्या एबीकडे किल्ली मागितली. एबी म्हणाला, माझ्याकडे नसते, ऑफिसमध्ये असते. तो वैतागून हॅच कोमिंगवरून डोकावला आणि निघून गेला.

संध्याकाळी मी त्या ट्रंकमध्ये नळी सोडली. वरून दोन मीटरवर २०.९. मध्यावर १९.४. तळाशी साठ सेकंद थांबल्यावर १५.६, कार्बन मोनॉक्साइड ८५.

आकडे लिहिताना हात थोडा थरथरला. पाटीने काहीच केलं नाही, आणि वाद झाला असता तर तो कदाचित त्यानेच जिंकला असता. किल्ली जागेवर नव्हती, एवढ्यावर निभावलं.

३ एप्रिल

इंटरमीजिएट तपासणी झाली. ऑडिटर शांत आणि नेमका. परवान्यांची फाइल मागितली: तीन महिन्यांत २३, त्यातले ४ मापनात फरक आल्याने रद्द. त्याने रद्द झालेले चार आधी वाचले. मग सात परवाने मीटरच्या मेमरीशी ताडले, सातही जुळले. मग ड्रिलमधल्या त्याच ओएसला नळी हातात दिली आणि काहीच न बोलता उभा राहिला. ओएसने टोक अंगठ्याने दाबलं, पंप गुदमरायची वाट पाहिली आणि मगच मीटर पुढे केला.

२०१५ मध्ये पॅरिस आणि टोकियो करारांच्या बंदर-तपासणी यंत्रणांनी याच विषयावर तीन महिन्यांची खास मोहीम घेतली होती, त्यात आपण तपासनीस होतो, असं त्याने चहाच्या वेळी सांगितलं. तेव्हा कागद बहुतेक जहाजांवर असायचे, आणि मीटर हातात दिला की बऱ्याच जणांना तो चालू करता यायचा नाही.

नॉन-कन्फॉर्मिटी बंद. एक निरीक्षण दिलं: इको साउंडरच्या कप्प्यासाठी वेगळी बचाव-योजना नाही. बरोबर आहे. त्या तोंडातून श्वसनयंत्र पाठीवर घेऊन माणूस जातच नाही.

१२ एप्रिल

उद्या साइन ऑफ, म्हणजे जहाज सोडायचं. येणाऱ्या चीफसाठी:

ताफ्यात दिवसाला दोन टाक्यांचा नियम १ मेपासून. सर्क्युलर फाइलमध्ये आहे, कुणी फोनवर चार म्हणालं तर ते दाखवा.

न सुटलेली गोष्ट होल्ड क्लीनिंगची. कोळशानंतर धान्य असेल तर पाच-सहा दिवसांत सात होल्ड धुऊन, वाळवून, तपासणीला तयार हवेत, आणि चार्टररच्या (जहाज भाड्याने घेणाऱ्याच्या) घाईपुढे हा वेळ कसा बसवायचा ते माझ्याच्याने जमलं नाही. प्रत्येक होल्डच्या परवान्याचा वेळ मी मोजून ठेवला आहे, शेवटच्या तीन पानांवर. पुढच्या फिक्श्चरआधी (भाडेकरार ठरण्याआधी) ते आकडे डीपीएमार्फत ऑपरेशन्सपर्यंत गेले पाहिजेत. फिक्श्चर झाल्यावर उपयोग नाही.

इको साउंडरच्या कप्प्यात तोवर कुणी उतरू नये. झाकणाला लाल टॅग लावला आहे.

दारावरच्या माणसाची दोरी तीन मीटरचीच ठेवा. पाच मीटरची केली की तो आत पोचतो, मोजून पाहिलं आहे.

मीटरचं कॅलिब्रेशन ३० एप्रिलला संपतं. नंबर ६ फॉरवर्डचं कुलूप खाऱ्या हवेने घट्ट झालंय. किल्ली आधी अर्धा फेरा उलटी फिरवा, मग सुलटी.